सिग्नलला न दिसणारी स्कूटर

अमेरिकेत रात्री साडेअकराला, एखाद्या आडरस्त्यावरून पन्नास सीसीची छोटी स्कूटर घेऊन तुम्ही चौकात आलात, तर एक गंमत होऊ शकते. सिग्नल लाल. समोरचा हमरस्ता रिकामा. तुम्ही शहाण्यासारखे थांबता. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं... सिग्नल ढिम्म. तो बिघडलेला नाही बरं का! त्याच्या लेखी तुम्ही तिथे आलेलाच नाही.

आपण पुण्या-मुंबईत ज्या सिग्नलांवर गाडी चालवायला शिकलो, ते घड्याळाच्या हुकमावर चालायचे. कुणी असो वा नसो, ठरलेले सेकंद संपले की हिरवा. अमेरिकेतले बरेच सिग्नल मात्र आधी विचारतात, "कोणी आहे का?" आणि उत्तर आलं तरच आडरस्त्याला हिरवा देतात. कल्पना उत्तम आहे. उगाच हमरस्ता अडवायचा कशाला? पण मग सगळा प्रश्न येऊन अडतो तो एकाच जागी: "कोणी" म्हणजे कोण?

या प्रश्नाचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

१९२८ साली बाल्टिमोरमध्ये चार्ल्स अ‍ॅडलर नावाच्या रेल्वे सिग्नलच्या इंजिनिअरने एका चौकात चक्क मायक्रोफोन बसवला. खांबावर एक छोटी पेटी, त्यात मायक्रोफोन. आडरस्त्यावरून आलेल्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवायचा, की सिग्नल त्याची दखल घेणार. (हे आपल्याकडे बसवलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा!) पण एक गोष्ट लक्षात घ्या. या पद्धतीत गाडी केवढी आहे याच्याशी सिग्नलला काही देणंघेणं नव्हतं. ज्याच्याकडे हॉर्न, त्याला हिरवा.

जवळपास त्याच सुमारास हेन्री हॉ या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने दुसरा मार्ग काढला. रस्त्यात दोन धातूच्या पट्ट्या, एकीवर एक. चाकाच्या दाबाने त्या एकमेकींना टेकल्या की सर्किट पूर्ण. दारावरच्या बेलसारखंच. लोकांना हॉर्नपेक्षा हे बरं वाटलं आणि पुढची तीसहून अधिक वर्षं हीच पद्धत चालली. इथे मात्र "कोणी" ची व्याख्या बदलली. आता "कोणी" म्हणजे ज्याला वजन आहे तो.

पण रस्त्यात पुरलेल्या पट्ट्या म्हणजे दुरुस्तीची कटकट. रस्त्यावर नवा थर चढवा, बर्फ खरवडा, की ह्यांना धोका. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आला इंडक्शन लूप. अमेरिकेत सिग्नलजवळ डांबरात करवतीने कापल्यासारखा चौकोन किंवा गोल दिसतो ना, तोच हा. त्या खाचेत तारेचे काही वेढे असतात आणि त्यातून हजारो हर्ट्झचा उलटसुलट प्रवाह खेळत असतो. वर धातूची वस्तू आली की त्या धातूत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह तयार होतात, ते लूपच्या चुंबकीय क्षेत्राला विरोध करतात, लूपचं इंडक्टन्स कमी होतं आणि सर्किटची फ्रिक्वेन्सी वाढते. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर "गाडी आली".

म्हणजे वजनाचा इथे काहीच संबंध नाही! दोनशे किलोचा माणूस लूपवर उभा राहिला तरी सिग्नलला पत्ता लागणार नाही. आणि गाडी लोखंडाचीच हवी असंही नाही, अ‍ॅल्युमिनियम छान चालतं. महत्त्व आहे ते वीज वाहून नेणाऱ्या पृष्ठभागाला, तो लूपच्या किती जवळ आणि कसा आडवा आहे याला. मोटारीचा तळ म्हणजे जमिनीलगत आडवा पत्रा, त्यामुळे फरक काही टक्क्यांचा पडतो. छोट्या दुचाकीमुळे तो टक्क्याच्या एक-दोन दशांशाइतकाच असू शकतो. त्यात आजच्या स्कूटरचं अंग प्लास्टिकचं, इंजिन चिमुकलं आणि चाकं छोटी. लूपने तरी काय बघावं?

मग मर्यादा खाली आणा की! कोणीही प्रोग्रामर हेच म्हणेल. पण संवेदनशीलता फार वाढवली, तर शेजारच्या लेनमधला ट्रकसुद्धा आपल्या लेनमध्ये आल्यासारखा दिसतो आणि सिग्नल भुतांना हिरवा देत सुटतो. आपल्या धंद्यातलं जुनंच दुखणं: खोटा होकार कमी करायला जावं तर खोटा नकार वाढतो. फक्त दोन्हींची किंमत सारखी नसते. सिग्नल उगाच बदलला की हमरस्त्यावरच्या दहा मोटारी थांबतात आणि दहा लोक तक्रार करतात. स्कूटर दिसली नाही, तर एकटा माणूस अंधारात उभा राहतो. त्याची नोंद कुठेच होत नाही, कारण नोंद ठेवणारं यंत्रच त्याला आंधळं आहे.

लोकांनी मग आपापले उपाय शोधले. गाडीखाली लावायची चुंबकं बाजारात आली. पण लूप स्थिर चुंबक शोधतच नाही, तेव्हा पैसे पाण्यात. खरा उपाय फुकटचा आहे. चौकोनाच्या मधोमध थांबू नका. करवतीची रेघ दिसते तिच्यावर, तिच्याच दिशेने दोन्ही चाकं ठेवून थांबा. तिथे क्षेत्र सर्वांत जोरदार असतं. अनेक ठिकाणी याच जागेवर सायकलचं छोटं चित्र रंगवलेलं असतं.

राज्यांनी दोन वेगळे रस्ते धरले. मिनेसोटाने २००२ मध्ये मोटरसायकलवाल्यांना कायद्यात एक बचाव दिला: पूर्ण थांबलात, अवाजवी वेळ वाट पाहिलीत, सिग्नलने दखल घेतली नाही आणि समोरून धोका नाही, तर लाल सिग्नल ओलांडल्याच्या आरोपाला उत्तर देता येईल. पुढे इतर राज्यंही त्या वाटेने गेली. इलिनॉयमध्ये असा कायदा २०१२ पासून लागू झाला (शिकागोएवढं मोठं शहर वगळून). गंमत म्हणजे त्यात वाहनाच्या "आकारामुळे किंवा वजनामुळे" दखल न घेतल्याचा उल्लेख आहे. लूप येऊन पन्नास वर्षं झाली तरी कायद्याच्या डोक्यात हॉसाहेबांच्या पट्ट्याच!

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये वेगळा कायदा केला. नवा सिग्नल बसवताना किंवा लूप बदलताना, शक्य तिथे, सायकल आणि मोटरसायकल ओळखता आलीच पाहिजे. हे जमतं का? जमतं. लूपचा आकार बदलायचा. मधून एक तार नेऊन इंग्रजी आठासारखा लूप केला, किंवा तारा तिरक्या टाकल्या, की लेनच्या मधोमध चालणारी दुचाकीही पकडता येते आणि शेजारच्या ट्रकचा त्रासही कमी होतो.

मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पहिला रस्ता म्हणजे आपल्या भाषेत वर्कअराउंड. यंत्र चुकतंय, ते तसंच राहू द्या, वापरणाऱ्याने सांभाळून घ्यावं. आणि सांभाळून घ्यायचं म्हणजे काय, तर सर्वांत कमी संरक्षण असलेल्या माणसाने रात्री लाल सिग्नल तोडून चौकात घुसायचं. दंड कदाचित वाचेल, पण धडक झाली तर मिनेसोटाचा तो बचावही बाकीच्या दाव्यांत कामी येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे सरळ स्पेसिफिकेशन बदलणं. खर्च येतो, वेळ लागतो, पण धोका रस्त्यावरच्या माणसाच्या गळ्यात पडत नाही.

आता कॅमेरे आले, रडार आले, आणि पुढेही काहीतरी येईलच. कॅमेऱ्याला धुकं आणि सावल्या चकवतात, प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या. पण हॉर्न, वजन, धातू, चित्र, काहीही मोजा, कुणीतरी एका टेबलावर बसून "वाहन" म्हणजे काय ते ठरवतंच. आपणही रोज हेच करतो की. कुठे नावाची किमान अक्षरं ठरवतो, कुठे पत्त्याचा साचा. त्या साच्यात न बसणारा माणूस तक्रार करत नाही, तो नुसता थांबून राहतो. पुढच्या वेळी कोडमध्ये एखादा आकडा मर्यादा म्हणून टाकताना, त्याच्या खालच्या बाजूला कोण उभं आहे ते एकदा बघून घेऊया.