प्लॅस्टिक नळांचा रासायनिक ऱ्हास

अम्ले, क्षार, विरंजक द्रव्ये इत्यादींच्या सततच्या संपर्काने प्लॅस्टिक नळांचे बल व चिवटपणा यांचा हळूहळू होणारा नाश. लोखंड गंजते तेव्हा पापुद्रे सुटतात व झीज डोळ्यांना दिसते. प्लॅस्टिकमध्ये बहुवारिकाच्या लांब साखळ्या आतल्या आत तुटतात; नळाची जाडी पुष्कळदा तशीच राहते आणि एखाद्या दिवशी तो साध्या धक्क्याने फुटतो.

या ऱ्हासाची बहुतेक रूपे सूत रंगविण्याच्या धंद्यात एकत्र आढळतात. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. पुढे गिरण्या मागे पडल्या व चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग पुढे आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) अक्कलकोट रोड वसाहतीत असे कारखाने आहेत. सोलापुरी चादरीची नक्षी छापलेली नसून विणलेली असते, म्हणून सूत आधीच रंगवावे लागते. त्यासाठी सूत दाहक सोड्याच्या उकळत्या विद्रावात धुतात, सोडियम हायपोक्लोराइटाने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडाने त्याचे विरंजन करतात व अम्लाने उरलेला क्षार मारतात. व्हॅट रंगांना पुन्हा दाहक सोडा लागतो. अम्ल लोखंडाला खाते, त्यामुळे येथे प्लॅस्टिक स्वागतार्ह ठरले.

पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) हा पदार्थ बाउमान यांना १८७२ मध्ये सूर्यप्रकाशात ठेवलेल्या व्हिनिल क्लोराइडात मिळाला. तापविताच त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटते व ते पुढील विघटन आणखी वाढविते. या दोषामुळे त्याचा उपयोग होण्यास अनेक दशके लागली. स्थिरकारके मिळाल्यावर १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत त्याचे नळ निघाले. भारतीय मानक १९६८ मध्ये आले. थंड अम्ल, दाहक सोडा व हायपोक्लोराइट हे नळ चांगले सोसतात, मात्र सु. ८०° से.ला पीव्हीसी मऊ पडते आणि ६०° से.च्या वर ते वापरू नये असा संकेत आहे. धुलाईच्या भट्टीतून निघणारे पाणी याहून कितीतरी तप्त असते. क्लोरिनीकृत पीव्हीसी सु. ९०° से.पर्यंत टिकते, पण तेथे दुबळी जागा सांध्याची : जोडद्रव्यातील सिलिका हायपोक्लोराइटातील क्षाराने विरघळून गळती सुरू होते.

पॉलिएथिलीन (१९३३) व पॉलिप्रोपिलीन (१९५४) यांची गोष्ट उलटी आहे. क्षार त्यांना जवळजवळ काहीच करीत नाहीत, परंतु हायपोक्लोराइट त्यांचे ऑक्सिडीकरण करते. आधी प्रतिऑक्सिडीकारक खर्ची पडतो, मग आतील पृष्ठ ठिसूळ होते. पॉलिएथिलिनाला साबणही भोवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिएथिलिनाचे आवरण असलेल्या केबलींना साबणाच्या संपर्काने तडे गेलेले आढळले, तेव्हा ताणाखालील प्लॅस्टिक एरवी निरुपद्रवी द्रवातही फुटते हे कळले. सूत भिजविण्याची द्रव्ये याच जातीची होत. काचतंतू-पॉलिएस्टराचे नळ अम्लाला उत्तम. पण दाहक सोडा त्यातील एस्टर बंध तोडतो व काचेलाही कोरतो. महागड्या पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइडालाही तीव्र क्षार मानवत नाही.

‘प्लॅस्टिकला रसायने लागत नाहीत’ ही विक्रेत्यांची भाषा म्हणूनच अर्धसत्य आहे. रासायनिक रोधाचे १९९३ चे आंतरराष्ट्रीय कोष्टकदेखील आतून दाब वा लांबीच्या दिशेने ताण नसलेल्या नळांपुरते आहे. उघड्यावरील नळांना जंबुपार किरणांचाही उपद्रव होतो. काळ्या पॉलिएथिलिनात सु. २ ते २.५ टक्के काजळी घालतात ती त्यासाठीच.

गळती लहान असली तरी तिचे परिणाम लहान नसतात. गरम दाहक सोडा कामगाराच्या कातडीला व डोळ्यांना गंभीर इजा करतो. अम्ल व हायपोक्लोराइट एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून या दोन द्रवांचे नळ एकाच चरातून नेत नाहीत.