न उतरणारे भाडे

इंग्लंडात दुकानाचे भाडे तिमाहीचे आणि आगाऊ देण्याची जुनी रीत आहे. त्यासाठी वर्षातले चार दिवस मध्ययुगापासून ठरलेले आहेत: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. चारही मुळात ख्रिस्ती सणांचे दिवस. आपल्या खानदेशात आखाजीला सालदाराचे साल बदलते, तशातलाच हा प्रकार. २०२० साली ब्रिटनची पहिली टाळेबंदी २३ मार्चला जाहीर झाली, म्हणजे भाडेदिनाच्या दोन दिवस आधी. पुढचा भाडेदिन २४ जूनचा. तो उलटला आणि दोनच दिवसांनी, २६ जूनला, 'इंटू प्रॉपर्टीज' ही कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. मँचेस्टरजवळचे ट्रॅफर्ड सेंटर, एसेक्समधले लेकसाइड, गेट्सहेडचे मेट्रोसेंटर अशी देशातली नावाजलेली खरेदी-केंद्रे तिच्याकडे होती आणि डोक्यावर सुमारे साडेचार अब्ज पौंडांचे कर्ज होते.

बहुतेकांनी दोष साथीला दिला, उरलेल्यांनी ॲमेझॉनला. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. त्याचे कारण माझ्या मूळ विषयात आहे. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. गेली काही वर्षे मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. १९४७च्या त्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाण भाडे' मानले आणि ते जवळपास तिथेच गोठवले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणे आता वाजवी राहिले नसल्याचे सांगितले, आणि २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. आपल्याकडे कायद्याने भाडे चढू दिले नाही. इंग्लंडात त्याच काळात उलटे घडले: तिथे करारानेच भाडे उतरू दिले नाही. या दुसऱ्या गोष्टीविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही, म्हणून हा लेख.

आधी 'हाय स्ट्रीट' म्हणजे काय ते सांगायला हवे. इंग्लंडातल्या गावची ही मुख्य पेठ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पेठेत मोठ्या साखळी दुकानांनी जागा घेतल्या आणि अनेकांनी त्या मालकीच्याच घेतल्या. अमेरिकेतून आलेल्या वूलवर्थचे तिथले पहिले दुकान १९०९ साली लिव्हरपूलला उघडले. दुकानदाराच्या दृष्टीने जागा ही धंद्याची भिंत आणि छप्पर; ताळेबंदात ती जुन्या खरेदी किमतीला पडून असे.

हे पडून असलेले धन चार्ल्स क्लोअर नावाच्या माणसाने हेरले. १९५३ साली त्याने जे. सिअर्स ही पादत्राणांची कंपनी संचालकांना न जुमानता थेट भागधारकांकडून विकत घेतली. ब्रिटनमधल्या अशा बळजोरीच्या ताबेदारीचे हे पहिले गाजलेले उदाहरण मानतात. कंपनीची शेकडो दुकाने होती. त्यांच्या जागांची बाजारातली किंमत ताळेबंदातल्या आकड्याहून कितीतरी जास्त होती, ही माहिती क्लोअरला एका मालमत्ता-दलालाकडून मिळाली होती. ताबा मिळताच त्याने दुकानांच्या जागा विकल्या आणि त्याच दुकानांत कंपनीला भाडेकरू म्हणून बसवले. विका आणि तिथेच भाड्याने राहा. बूट पूर्वीसारखेच विकले जात होते, नोकर तेच, पाटी तीच. फक्त त्या दिवसापासून दुकानाला दर तिमाहीला भाडे देणे आले.

या जागा घेत होत्या विमा कंपन्या आणि पुढे पेन्शन फंड. त्यांना दुकान नको होते, त्यांना पंचवीस-तीस वर्षे बिनघोर येणारे उत्पन्न हवे होते. त्यांच्या या गरजेतून इंग्लिश दुकानाचा करार घडला. मुदत साधारण पंचवीस वर्षे. दुरुस्ती आणि विम्याचा खर्च भाडेकरूचा. दर पाच वर्षांनी बाजारभावाप्रमाणे भाड्याची फेरतपासणी, आणि तिला एक अट: फेरतपासणी फक्त वरच्या दिशेने. बाजार चढला तर भाडे चढेल, बाजार पडला तर आहे तिथे राहील. ही अट १९६०-७०च्या दशकांत रूढ झाली. तेव्हा महागाई इतकी होती (१९७५ साली ती २४ टक्क्यांवर गेली) की भाडे उतरण्याचा प्रश्न कुणाच्या मनात येत नव्हता. गुंतवणूकदारांना त्या वेळी भीती होती ती सरकारची. नोव्हेंबर १९७२मध्ये हीथ सरकारने व्यापारी भाडी गोठवली. पुढच्या वर्षी व्याजदर १३ टक्क्यांवर गेला आणि चढत्या भाड्याच्या भरवशावर कर्जे काढलेल्या मालमत्ता कंपन्या व त्यांना पैसा पुरवणाऱ्या लहान बँका एकापाठोपाठ कोसळल्या. भाड्यांवरचे बंधन १९७५च्या आरंभी उठले. अट मात्र टिकली, उलट अधिक पक्की झाली.

तिची खरी परीक्षा १९९०नंतरच्या मंदीत झाली. बाजारभाव उतरले, करारातली भाडी उतरली नाहीत. सरकारने ही अट मोडण्याचा विचार केला आणि अखेर १९९५ साली एका ऐच्छिक आचारसंहितेवर समाधान मानले. ऐच्छिक संहिता कोण पाळते हे सांगायला नकोच.

इथे भाडे कसे ठरते ते थोडे तपशिलाने पाहू, कारण मला सगळ्यात रंजक वाटलेला भाग हाच आहे. इंग्लिश मूल्यमापक दुकानाचे आडवे पट्टे पाडतो. रस्त्यालगतचे पहिले वीस फूट म्हणजे 'अ' पट्टा. त्याचा दर पूर्ण. पुढच्या वीस फुटांचा दर निम्मा, त्यामागच्या वीस फुटांचा पाव. 'अ' पट्ट्याचा दर येतो शेजारच्या दुकानांच्या करारांवरून. म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक करार बाकी सगळ्या दुकानांसाठी पुरावा असतो. मालकाने एक गाळा स्वस्तात दिला तर तो पुरावा त्याच्याच उरलेल्या गाळ्यांच्या किमती खाली ओढतो. म्हणून मालक एखाद्याला वर्षभर, कधी दोन वर्षे भाडे माफ करील, दुकान सजवायला रोख पैसे देईल. पण कागदावरचा भाड्याचा आकडा उतरवणार नाही. त्या आकड्यावर मालमत्तेची किंमत ठरते, किमतीवर कर्ज मिळते. पेठ ओसरू लागली तरी आकडा बराच काळ तिथेच उभा दिसतो, तो यामुळे.

सरकारचा स्थानिक करही याच भाड्यांवरून बसतो. २०१० ते २०१७ ही सात वर्षे तो एप्रिल २००८च्या, म्हणजे तेजीच्या शेवटच्या टोकाच्या, भाड्यांवरून आकारला गेला.

आता दोन दुकानांची गोष्ट. २००१ साली वूलवर्थ ही किंगफिशर या मूळ कंपनीपासून वेगळी काढण्यात आली. त्याच सुमारास तिच्या १८२ दुकानांच्या जागा ६१ कोटी ४० लाख पौंडांना विकल्या गेल्या. पैसा किंगफिशरकडे राहिला, चढते भाडे वूलवर्थच्या गळ्यात पडले. नोव्हेंबर २००८मध्ये ती बुडाली आणि ६ जानेवारी २००९ रोजी आठशेच्या वर दुकानांपैकी शेवटची बंद झाली. सुमारे २७ हजार माणसांची नोकरी गेली. दुसरे दुकान डेबनहॅम्स. त्याचे मूळ १७७८पर्यंत मागे जाते. २००३ साली खासगी गुंतवणूक संस्थांनी ते घेतले. २००५मध्ये २३ दुकानांच्या जागा ब्रिटिश लँड या मालमत्ता कंपनीला ४९ कोटी ५० लाख पौंडांना विकून दीर्घ मुदतीने परत भाड्याने घेतल्या. नव्या मालकांनी एक अब्ज पौंडांहून अधिक लाभांश काढला आणि २००६मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आणली. मे २०२१मध्ये शेवटचे दुकान बंद झाले. इंटरनेटवर कपडे विकणाऱ्या बूहूने तिचे नाव ५ कोटी ५० लाख पौंडांना घेतले. दुकान एकही घेतले नाही.

इंटरनेटचा वाटा मी नाकारत नाही. साथीच्या तोंडावर ब्रिटनमधल्या किरकोळ विक्रीचा पाचव्या हिश्श्याच्या आसपासचा भाग इंटरनेटवर गेला होता आणि २०२१च्या आरंभी तो एक तृतीयांशाच्या वर चढला. पण जागा स्वतःची असलेला दुकानदार विक्री घटली की नफा घटवून तग धरतो. पंचवीस वर्षांचा करार मानेवर असलेल्याला ती मुभा नसते. क्लोअरने जे सुरू केले त्याने दुकानांची हीच लवचीकता विकून टाकली. तिची किंमत भागधारकांना आधीच मिळून गेली होती.

भाडेकरूला मग एकच दार उरले. १९८६च्या दिवाळखोरी कायद्यात धनकोंशी तडजोड करण्याची एक सोय आहे. मतदान करणाऱ्या धनकोंपैकी रकमेने ७५ टक्के तयार झाले तर तडजोड सर्वांवर बंधनकारक होते. घरमालकांच्या भावी भाड्याचा दावा मतमोजणीत सहसा कमी धरला जातो, त्यामुळे त्यांचा विरोध मोडून काढता येतो. २०१६ साली बीएचएसने, २०१८ साली हाउस ऑफ फ्रेझरने, २०१९ साली डेबनहॅम्सने ही वाट धरली. दुकानांची प्रतवारी होई: चांगल्यांना पूर्ण भाडे, मधल्यांना कपात, वाईटांना जवळपास काही नाही. घरमालक न्यायालयात गेले. न्यू लुकच्या प्रकरणात मे २०२१मध्ये हरले. जे भाडे कधीच उतरणार नाही असे धरून चालले होते, ते एका मतदानात निम्म्यावर येऊ शकते, हे पेन्शन फंडांच्या ध्यानात आले.

त्यांची घबराट समजून घ्यायला एक साधा हिशेब पुरे. एका केंद्राचे वर्षाचे भाडे दहा लाख पौंड आहे आणि गुंतवणूकदार पाच टक्के परताव्यावर खूश आहे. तर केंद्राची किंमत दोन कोटी. भाडे आठ लाखांवर आले आणि धास्तावलेला गुंतवणूकदार आठ टक्के मागू लागला, तर किंमत एक कोटी. भाडे एक पंचमांशाने घटले, मालमत्ता निम्मी झाली. तिच्यावर आधीच एक कोटीचे कर्ज असेल तर भागधारकाच्या हाती शून्य.

इंटूचे झाले ते असे. तिचा मूळ पुरुष दक्षिण आफ्रिकेचा विमा-उद्योजक डॉनल्ड गॉर्डन. २०११ साली कंपनीने ट्रॅफर्ड सेंटर सुमारे १ अब्ज ६० कोटी पौंडांना घेतले. हे केंद्र १९९८ साली उघडले, त्याआधी बोल्टनसह आसपासच्या नगरपालिकांनी आपल्या पेठा उजाड होतील म्हणून ते हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढवले होते. डिसेंबर २०१७मध्ये हॅमरसन या प्रतिस्पर्धी कंपनीने इंटूला ३ अब्ज ४० कोटी पौंड देऊ केले. समभागामागे देऊ केलेला भाव इंटूच्या स्वतःच्या पुस्तकी मूल्याहून बराच खाली होता. म्हणजे मूल्यमापकांच्या आकड्यावर बाजाराचा विश्वास तेव्हाच उडालेला होता. एप्रिल २०१८मध्ये हॅमरसनने माघार घेतली. त्या वर्षाअखेर आणखी एक बोली मागे गेली. २०१९ सालचा तोटा दोन अब्ज पौंडांचा निघाला, त्यातला बहुतेक कागदी, मालमत्तेच्या घटलेल्या किमतीचा. मार्च २०२०मध्ये नवे भांडवल उभारण्याचा प्रयत्न फसला. यातले बहुतेक सगळे टाळेबंदीच्या आधीचे आहे.

मुंबईचा अनुभव पाठीशी असल्यामुळे मला इथे एका गोष्टीचे नवल वाटते. गिरगावात किंवा काळबादेवीत गोठलेल्या भाड्याने मालकाला इमारतीची डागडुजीही परवडेना, इमारती खचल्या. पण दुकान तिसऱ्या पिढीपर्यंत चालू राहिले. इंग्लंडात इमारत ठणठणीत आणि दुकान रिकामे. दोन्हीकडे आकडा वेळेवर हलला नाही, मार एकीकडे मालकाला बसला, दुसरीकडे भाडेकरूला, आणि शेवटी त्याच्यामागून मालकालाही. मे २०२३पासून आपल्याकडेही मॉलच्या भाड्यावर चालणाऱ्या ट्रस्टची युनिटे शेअर बाजारात मिळतात. नवी मुंबईचे, पुण्याचे मॉल त्यात आहेत. आपल्या मॉलच्या करारांत किमान भाडे आणि विक्रीतला हिस्सा अशी जोड पुष्कळदा असते. युनिटे घेणाऱ्याने यातले किमान भाडे किती, हिस्सा किती, हे आधी विचारावे.

ट्रॅफर्ड सेंटर २०२०च्या अखेरीस कर्ज देणाऱ्याकडे गेले: कॅनडातल्या नोकरदारांच्या पेन्शनचा निधी. जुलै २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत मांडलेल्या एका विधेयकात, फक्त वरच्या दिशेच्या फेरतपासणीवर नव्या करारांपुरती बंदी सुचवली. मालमत्ता कंपन्यांनी लगेच गुंतवणूक आटेल असा इशारा दिला. आयर्लंडने ही बंदी आधीच घातली आहे, २८ फेब्रुवारी २०१०पासून, तीही पुढच्या करारांपुरतीच. त्या तारखेच्या आदल्या दिवशी तिथे कुणी पंचवीस वर्षांचा करार केला असेल, तर त्याचे भाडे २०३५ सालापर्यंत उतरायचे नाही.