शालेय मुद्रण चळवळ

शालेय मुद्रण चळवळ : प्राथमिक शाळेच्या वर्गात लहान हातछापयंत्र बसवून मुलांनी स्वतः रचलेला मजकूर मुलांनीच खिळ्यांत जुळवावा, छापावा आणि तोच वाचन-लेखनाच्या शिक्षणाचे मुख्य साधन व्हावा, या उद्देशाने फ्रान्सच्या ग्रामीण भागातील शिक्षकांनी १९२४ च्या सुमारास सुरू केलेली चळवळ. तिचा प्रवर्तक सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) हा होय. विसाव्या शतकात शाळांमध्ये चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी, संगणक अशी अनेक साधने आली. त्यांपैकी बहुतेक शासनाने वा उत्पादकांनी शाळेपर्यंत आणली आणि शिक्षकाला ती वापरण्याचे शिक्षण मागाहून दिले. या चळवळीत क्रम उलटा होता. साधन निवडणारे, त्यात फेरफार करणारे, त्यासाठी लागणारी सामग्री तयार करणारे आणि तिचा जमाखर्च ठेवणारे प्राथमिक शिक्षकच होते. शिक्षणाच्या इतिहासात या चळवळीला जे महत्त्व आहे, ते मुख्यतः यामुळे.

शाळेत छापखाना असणे ही मुळात नवी गोष्ट नव्हती. पॉल रोबँ याच्या साँप्वी येथील अनाथालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुद्रणाची कर्मशाळा होती. परंतु तेथे मुद्रण हा एक व्यवसाय म्हणून शिकविला जाई. फ्रेनेने छापयंत्र कर्मशाळेतून उचलून भाषेच्या तासात आणले. आग्नेय फ्रान्समधील गार्स या डोंगराळ खेड्यात जन्मलेल्या फ्रेनेचे शिक्षण नीस येथील अध्यापक विद्यालयात चालू असतानाच पहिले महायुद्ध पेटले. १९१७ मध्ये शमँ दे दामच्या आघाडीवर त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली. दीर्घ उपचारांनंतर १९२० मध्ये तो ल बार-स्यूर-लू येथे साहाय्यक शिक्षक झाला. धाप लागत असल्याने त्याला तासन्‌तास बोलता येईना, म्हणून त्याने छापयंत्राचा आश्रय घेतला, ही हकीकत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. जखमी फुप्फुसांचे शिक्षक त्या पिढीत अनेक होते. फ्रेनेने आदॉल्फ फेर्‌येर या स्विस शिक्षणतज्ज्ञाचे कृतिप्रधान शाळेविषयीचे लेखन वाचले होते आणि १९२३ मध्ये माँत्र येथील नवशिक्षणाच्या परिषदेला तो उपस्थित होता. तेथे वर्णन होत असलेल्या शाळा सुस्थितीतील, निवडक मुलांच्या आणि मुबलक साधनांच्या होत्या; त्याची शाळा सार्वजनिक, गरीब आणि कोंदट होती. या अंतराचा विचार करूनच तो छापयंत्राकडे वळला.

वर्गातील कामाची पद्धत अशी : शेत, ओढा, लोहाराचे दुकान पाहून आल्यावर किंवा घरी घडलेल्या प्रसंगावरून मुले मजकूर लिहीत अथवा सांगत. हे लेखन सक्तीचे नसे. वाचून दाखविलेल्या मजकुरांतून एकाची निवड मुले मतदानाने करीत. निवडलेला मजकूर फळ्यावर घेऊन सर्व वर्ग मिळून तो शुद्ध करी. व्याकरणाचा पाठ बहुधा येथेच होई. नंतर लहान लहान गट एकेक ओळ खिळ्यांत जुळवीत. उलटी अक्षरे वाचताना चूक लपत नसे, कारण ती प्रत्येक प्रतीवर उमटे. एक मूल रुळाने शाई लावी, दुसरे कागद ठेवी, तिसरे दाब देई. काम संपल्यावर खिळे धुऊन पेटीतील आपापल्या घरात परत टाकावे लागत. छापलेली पाने प्रत्येक मुलाच्या संग्रहात जात. हे संग्रह म्हणजेच वर्गाचे वाचनपुस्तक. काम संथ व चिकाटीचे होते आणि मोठ्या वर्गात ते रेंगाळे, हे चळवळीतील शिक्षकांनीही नमूद केले आहे. मात्र जुळवणीचे श्रम पडत असल्यामुळे मुले पाल्हाळ टाळू लागली, हा त्या संथपणाचाच लाभ म्हणावा लागेल.

एका वर्गापुरता हा प्रयोग कदाचित विस्मृतीत गेला असता. त्याची चळवळ झाली ती पत्रव्यवहारामुळे. १९२६ मध्ये ब्रिटनी प्रांतातील त्रेगँक येथील रने दान्येल या शिक्षकाने आपल्या वर्गात तेच साधन घेतले आणि दोन्ही शाळांत छापील मजकुरांची नियमित देवघेव सुरू झाली. डोंगरातील मुलांना समुद्रकाठच्या मुलांचे वाचक मिळाले. आपले लेखन कोणासाठी आहे, या प्रश्नाला शाळेत प्रथमच खरे उत्तर मिळाले. शिक्षक वाढत गेले तसे त्यांच्यात परिपत्रके फिरू लागली. कोणाच्या यंत्राचा दाब सारखा पडत नाही, कोणती शाई लवकर वाळते, यांसारख्या बाबींवर त्यांत चर्चा होई. १९२७ मध्ये तूर येथे त्यांची पहिली परिषद भरली. पाठोपाठ सहकारी संस्था स्थापन झाली. छापयंत्रे, खिळे, स्वस्त चक्रमुद्रण यंत्रे, कार्डांवरील स्वाध्याय आणि मुलांच्या लेखनाची मासिके ती सभासदांना पुरवी. बॉर्दो परिसरातील शिक्षकांची चित्रपटविषयक सहकारी संस्थाही तिच्यात विलीन झाली, त्यामुळे लघुचित्रपट व प्रक्षेपक, पुढे ध्वनिमुद्रिका व नभोवाणी ही साधनेही तिच्या कक्षेत आली. १९३२ पासून निघू लागलेल्या माहितीपर पुस्तिकांच्या मालेतील मजकूर शिक्षक लिहीत आणि तो वर्गांत वापरून मग प्रसिद्ध केला जाई. फ्रेने आपल्या कार्याला ‘पद्धती’ न म्हणता ‘तंत्रे’ म्हणत असे, ते यासाठी : पद्धती ही संपूर्ण आणि एका व्यक्तीच्या नावाची असते, तर तंत्र कोणीही सुधारू शकतो. त्याची पत्नी एलीझ हिचा बालकलेच्या शिक्षणातील वाटा मोठा असून चरित्रकारांनी तो पुष्कळदा दुय्यम मानला आहे.

पाठ्यपुस्तकाशी या चळवळीचे वैर होते आणि त्याचे परिणाम केवळ शैक्षणिक राहिले नाहीत. पुस्तकात काय असावे हे आजवर पॅरिसमध्ये ठरे. आता ते वर्गात ठरू लागले. फ्रेने १९२८ मध्ये सँ-पॉल येथे बदलून आला होता. शाळेच्या अस्वच्छ इमारतीबद्दल त्याने नगरपालिकेकडे केलेल्या तक्रारींमुळे तेथे तेढ होतीच. डिसेंबर १९३२ मध्ये गावाच्या भिंतींवर फलक लागले. नगराध्यक्षाला ठार मारल्याचे स्वप्न वर्णन करणारा एका मुलाचा छापील मजकूर त्यांवर पुरावा म्हणून उद्धृत केला होता. शार्ल मोरासच्या उजव्या गटाने प्रकरण देशभर गाजविले. एप्रिल १९३३ मध्ये शाळेच्या फाटकाशी जमाव जमला. फ्रेनेला शिक्षक संघटनांचा पाठिंबा असूनही त्याच वर्षी त्याची सक्तीने बदली झाली. ती न स्वीकारता त्याने सरकारी सेवा सोडली आणि १९३५ मध्ये व्हाँस येथे स्वतःची निवासी शाळा उघडली. मुलाचे हस्तलिखित वहीत राहते तोवर ते कोणाला खुपत नाही. छापले की ते सार्वजनिक होते. साधनाचे सामर्थ्य आणि त्यातील धोका हे दोन्ही एकाच ठिकाणी होते.

स्पेनमध्ये या धोक्याचे टोक गाठले गेले. प्रजासत्ताकाच्या काळात लेरिदा येथील शिक्षकांच्या गटाने छापयंत्राचा स्वीकार केला आणि तेथून ते इतर प्रांतांत पोहोचले. बुर्गोस प्रांतातील बान्युएलोस दे बुरेबा या छोट्या खेड्यात १९३४ मध्ये नेमलेल्या आंतोनी बेनायजेस या शिक्षकाने पदरमोड करून यंत्र विकत घेतले. जानेवारी १९३६ मध्ये त्याच्या विद्यार्थ्यांनी समुद्राविषयी एक पुस्तिका छापली. त्यांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. तो कसा असेल याची प्रत्येकाने केलेली कल्पना तीत आहे. उन्हाळ्यात त्यांना समुद्र दाखविण्याचे त्याने कबूल केले होते. जुलैमध्ये लष्करी उठाव झाला आणि त्याच महिन्यात बेनायजेसला गोळी घालण्यात आली. पात्रिसियो रेदोंदोसारखे या गटातील काही जण यादवी युद्धानंतर मेक्सिकोत गेले आणि त्यांनी तेथे शाळा काढल्या. स्वतः फ्रेनेला १९४० मध्ये स्थानबद्ध करण्यात आले.

महायुद्धानंतर चळवळीचे केंद्र कान येथे आले. १९४७ मध्ये ‘आधुनिक शाळे’ची सहकारी संस्था व १९५७ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. इटलीत १९५१ मध्ये शिक्षकांनी शालेय मुद्रणाची सहकारी संस्था काढली. पियादेनाजवळच्या व्हो गावचा मारियो लोदी हा तिच्यातूनच पुढे आला. बार्बियाना येथील दोन लोरेन्झो मिलानीच्या शाळेने सामूहिक लेखनाचे तंत्र उचलले, ते लोदीच्या वर्गाशी झालेल्या पत्रव्यवहारातून. फ्रान्समध्ये मात्र ही चळवळ अल्पसंख्यच राहिली. शहरातील बराकीवजा शाळांत केवळ तंत्रे पुरेशी नाहीत, वर्गाच्या अंतर्गत नियमांचा व संस्थांचाही विचार हवा, असे पॅरिसच्या फेर्नां ऊरी याचे मत होते. १९६१ च्या सुमारास त्याचा गट वेगळा झाला. या फुटीला फ्रेनेच्या केंद्रवर्ती वर्चस्वाचीही बाजू होती. सहकाराचा पुरस्कर्ता स्वतः नेहमीच सहकाराने वागे असे नाही. वर्धा येथे १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणाशी या चळवळीचे साम्य वाचकाला जाणवेल. श्रमाला दोहोंत मध्यवर्ती स्थान आहे. परंतु वर्धा योजनेत उद्योगातून वस्तू निर्माण होते, तर येथे वाचक निर्माण होतो.

नव्या साधनांबाबत चळवळीची भूमिका बदलली नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील अध्यापनयंत्रांची चर्चा सुरू झाली, तेव्हा फ्रेनेने त्यांना नुसता विरोध केला नाही. साध्या पेटीत सरकणाऱ्या कागदी पट्ट्यांवर क्रमबद्ध स्वाध्याय त्याने तयार करविले आणि त्यांची रचना शिक्षकांकडे सोपविली. त्याच सुमारास प्येर गेरँ याच्या पुढाकाराने टेपरेकॉर्डर वर्गात आला व मुलांनी घेतलेल्या मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांची माला निघाली. १९८० नंतर मिनिटेल या फ्रेंच दूरसंदेश यंत्रणेवरून शाळाशाळांत मजकुरांची देवघेव होऊ लागली. यंत्र विजेचे असले, तरी मजकूर मुलांचा आणि तो वाट पाहणाऱ्या दुसऱ्या वर्गाला पाठवायचा, हा क्रम कायम होता. व्हाँसची शाळा १९९१ मध्ये फ्रेंच शासनाने विकत घेतली.