दप्तरातली माणसे : कुळशोधाच्या अभ्यासाची प्रस्तावना

घराण्याचा इतिहास म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा आठवतो तो कुलवृत्तांत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी, विशेषतः चित्पावन घराण्यांनी, मोठ्या कष्टाने असे ग्रंथ छापले. गावोगाव पत्रे धाडणाऱ्या आणि पदरमोड करणाऱ्या त्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना कुलवृत्तांत नाही. कोणाची नावे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत असतात. दक्षिणेकडे कोणाच्या दारी हेळवी येऊन पिढ्या म्हणून दाखवतो. बाकीच्यांची आठवण पणजोबांपाशी थांबते, आणि पणजीचे तर नावही सांगता येत नाही.

अशा घरांतून आलेल्या वाचकाचे या अभ्यासात स्वागत आहे. त्याचा इतिहास लिहून ठेवलेला आहे. तालुक्याच्या अभिलेख कक्षात, दुय्यम निबंधकाच्या सूचीत आणि दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात तो आहे. सारा वसूल व्हावा, वाटणीचा तंटा मिटावा, साथीत किती माणसे दगावली ते सरकारला कळावे, एवढ्यासाठी तो लिहिला गेला. तलाठ्याला कोणाच्या घराण्याची अब्रू राखायची नव्हती, म्हणून घराने गाळलेली पुष्कळ नावे त्याच्या वहीत टिकली. या साधनांचे मोल मला सर्वांत जास्त वाटते ते याच कारणाने.

सुरुवात जमिनीपासून करावी. सातबारा सर्वांना माहीत असतो, पण तो फक्त उंबरठा आहे. त्यावर नावाशेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफारांचे क्रमांक, आणि खरी कथा गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला. तिथपासून पुढे जमीन हातोहात कशी गेली ते फेरफारांवरून मागे मागे जात वाचता येते. वारसाची एखादी जुनी नोंद समोर घ्या. खातेदार मयत झाल्याची वर्दी कोणी दिली, कधी दिली, मागे मुलगे किती, मुली किती, विधवा आहे का, हे तलाठ्याच्या घाईच्या अक्षरात येते. शेवटच्या रकान्यात सर्कलची सही आणि मंजुरीचा शेरा. मुलगा लहान असेल तर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि आईचे नाव, म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती ती. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसले की समजावे, घर अजून एकत्र होते आणि कारभार त्याच्या हाती होता. ही तीन-तीन अक्षरे सोडून पुढे गेलात तर अर्धे घर हातातून निसटते.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारस नोंदीत ठळकपणे येऊ लागतात. पुढच्या काही वर्षांत बहुधा एक हक्कसोडपत्र सापडते आणि सातबाऱ्यावर त्याच नावांना कंस केलेला दिसतो. घरात ‘आमच्या आत्यांनी काही मागितले नाही’ असे सांगत आलेले असतात. ते खरेही असेल. पण कोणत्या साली, किती बहिणींनी, कोणत्या गावी नांदत असताना सही किंवा अंगठा दिला, हे कळते ते त्या कागदावरून. वंशवृक्षात ज्या फांद्या लग्नाशी तोडलेल्या असतात त्या इथे पुन्हा जोडता येतात.

एक खाचखळगा आधीच सांगून ठेवतो. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव जमिनींचे गट पडले आणि जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. आजचा गट नंबर धरून जुनी वही उघडली तर भलत्याच माणसाचे शेत हाती लागते. आधी एकत्रीकरणाच्या तक्त्यात जुना नंबर शोधावा, मगच मागे जावे. त्याही मागे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या मोजणीची परंपरा आहे. घर इनामदार किंवा वतनदार असेल, तर इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियती आणि त्यांतल्या वंशावळी पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधता येतात.

आणि ज्यांना जमीनच नव्हती त्यांचे काय? हा प्रश्न या अभ्यासात सतत विचारत राहिला पाहिजे, कारण कागदही ताकदवानाकडे झुकलेला असतो. तरी शोधण्यासारखे पुष्कळ आहे. १९४८ च्या कुळकायद्यानंतर आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर त्या कायद्याच्या कलम ३२-ग खाली चौकश्या झाल्या. त्यांत कुळाने दिलेले जबाब आहेत : जमीन कधीपासून कसतो, बाप कसत होता का, खंड काय देत होतो. ज्या माणसाबद्दल कोणी कुलवृत्तांत लिहिला नसता त्याचे बोलणे त्या कागदावर उतरलेले आहे. महार वतनाच्या जमिनींचे कागद आणि १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याच्या कायद्यानंतरच्या नोंदी याही तितक्याच मोलाच्या आहेत, आणि त्यांच्याकडे अभ्यासकांनी आजवर फार कमी पाहिले आहे.

सर्व थरांतली माणसे एका वहीत भेटतात ती गाव नमुना १४ मध्ये, लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’, विदर्भात ‘कोतवाल पंजी’. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव पुष्कळदा नसते. बारसे व्हायचे असते आणि वर्दी आधीच गेलेली असते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, एवढ्यावरून आपले माणूस ओळखावे लागते. ही तारीख आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली तारीख जुळली नाही तर गांगरू नये. जून महिन्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून दिलेली माणसे महाराष्ट्रात घरोघर आहेत. मृत्यूच्या बाजूला कारणाचा रकाना असतो : ताप, देवी, पटकी, प्लेग. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली पाने उघडली तर एकाच घराची नावे पाठोपाठ येतात. पुढच्या पिढीतला एखादा मुलगा मामाकडे का वाढला, याचे उत्तर अशा पानावर असू शकते.

न्यायालयाच्या दप्तराला लोक उगीच बिचकतात. वाटपाचा दावा म्हटला की अर्जासोबत वंशावळ जोडावीच लागते, आणि समोरचा पक्ष तिच्यातली चूक काढायला टपलेलाच असतो. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी तपासली जाते. दत्तकाचे वाद, विधवेचे पोटगीचे दावे, १८२७ च्या रेग्युलेशनखालचे वारस दाखले, यांत नातेसंबंध जितके उघडे बोलले जातात तितके ते घरात कधीच बोलले जात नाहीत. गोव्यात तर ज्याला ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात त्या कामात मृताचे सगळे वारस नावानिशी येतात, मुलीसुद्धा. पोर्तुगीज दिवाणी कायद्याने त्यांना वाटा दिलेला होता.

मराठवाड्यात निजामकाळातले कागद उर्दूत आणि फसली सनात आहेत. पुढे १९५४ चे खासरा पत्रक मधला दुवा म्हणून उपयोगी पडते. पश्चिम महाराष्ट्रात मोडी यायलाच हवी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज किती मोठी आहे ते सगळ्यांनी पाहिले. लिपी काही महिन्यांच्या सरावाने हाताशी येते. सनांचा हिशेबही अवघड नाही : शकात ७८, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, वर्षारंभाप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक धरून. नावांमध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ आले की पुढचे नाव बापाचे, ‘कोम’ आले की नवऱ्याचे. या ‘कोम’पाशी थांबून वाचायची सवय लावून घ्यावी.

जे सापडेल ते सगळेच सुखाचे नसेल. गहाणखतामागे गहाणखत सापडेल, बळकावलेले शेत सापडेल, कधी आपल्याच पूर्वजाने बळकावलेले. ते जसे आहे तसे टिपून ठेवावे. हयात माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना विचारल्यावाचून काहीही प्रसिद्ध करू नये, आणि जुना कागद नव्या भांडणासाठी वापरू नये.

नकलेसाठी अर्ज कराल तेव्हा खिडकीवर पहिल्यांदा विचारतात ते गाव, तालुका आणि सर्व्हे नंबर. आडनाव सांगून तिथे काही मिळत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजीचे आणि पणजीचे माहेरचे गाव आजच विचारून घ्या, माहेरच्या नावासकट.