किलिमांजारो

टांझानियाच्या ईशान्येस, केन्याच्या सीमेलगतचा आफ्रिकेतील सर्वोच्च पर्वत. उंची ५,८९५ मी. विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेस असूनही त्याच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. शिरा, मावेन्झी व किबो या तीन ज्वालामुखींपासून तो बनला. पहिले दोन मृत आहेत. किबो निद्रिस्त असून त्याच्या विवरातून अजूनही गंधकयुक्त वायू बाहेर पडतात.

१८४८ मध्ये योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने येथील बर्फ पाहिल्याचे कळवले, पण इंग्लंडमधील काही नामवंत भूगोलज्ञांनी ते खरे मानले नाही. १८८९ मध्ये हान्स मायर व लुडविग पुर्टशेलर शिखरावर पोहोचले. त्यांची ओझी वाहणारे स्थानिक लोक मात्र इतिहासात उपेक्षितच राहिले.

पर्वताचा खरा संसार दक्षिण उतारावर आहे. तेथील सुपीक ज्वालामुखी मातीत चाग्गा लोकांनी पाट खणून ओढ्यांचे पाणी खेळवले आणि उंच झाडांच्या सावलीत केळी व कॉफीच्या बागा फुलवल्या. शेतीचा हा वारसा गिर्यारोहणाच्या कथांइतकाच मोलाचा आहे.

टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) १९६१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर शिखराला ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य हे नाव मिळाले. १९८७ मध्ये येथील राष्ट्रीय उद्यान जागतिक वारसास्थळ ठरले. १९१२ पासून माथ्यावरील चार-पंचमांशाहून अधिक बर्फ नाहीसे झाले आहे.