फैजपूरच्या बांबूपासून राज्यघटनेच्या पानापर्यंत

ऐक्य हा शब्द भाषणात उच्चारावयास सोपा आहे. परंतु तो कागदावर काढावयाचा म्हणजे चित्रकाराची खरी परीक्षा होय. शाळेतील चित्रकलेच्या स्पर्धेस हा विषय दिला, की बहुतेक मुले हातात हात घालून उभी असलेली चार माणसे काढतात. एकाला फेटा, दुसऱ्याला दाढी, तिसऱ्याच्या गळ्यात क्रूस, चौथ्याच्या डोक्यावर पगडी. मागे देशाचा नकाशा आणि वर झेंडा. असे चित्र चुकीचे असते असे नव्हे. परंतु ही माणसे कोण, ती पोटासाठी काय करतात, आणि एकमेकांचा हात धरण्याइतकी ती जवळ कशी आली, यांपैकी कशाचाच पत्ता त्यात लागत नाही. मनुष्य दिसतो तो केवळ त्याच्या शिरोभूषणावरून.

हाच प्रश्न शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्यापुढे जन्मभर उभा होता. १८८२ मध्ये बिहारातील खडगपूर येथे जन्मलेले आणि कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली तयार झालेले हे कलावंत पुढे भारताच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीचे चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. मात्र घटनेच्या पानांपर्यंत जाणारी त्यांची वाट अजिंठा, ग्वाल्हेर संस्थान, खानदेश आणि बडोदे अशी आपल्या ओळखीच्या मुलखातून गेली आहे. ती वाट पाहिल्यावाचून त्या पानांचा अर्थ पुरता उलगडत नाही.

लेडी हेरिंगहॅम या इंग्रज विदुषीने १९०९ ते १९११ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. या कामासाठी कलकत्त्याहून नंदलाल आणि त्यांचे सहाध्यायी आले. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि महंमद फझलुद्दीन हे चित्रकार आले. बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांत हिंदू आणि मुसलमान तरुणांनी एका इंग्रज बाईबरोबर बसून जुन्या रेषा गिरवाव्यात, हेही एक चित्रच होते. पुढे १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांच्या प्रतिकृतींसाठी नंदलाल पुन्हा आले. असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर हे त्यांच्या सोबत होते.

प्रतिकृती करणाऱ्याला मूळ चित्रातील प्रत्येक रेषा हाताने जगावी लागते. अजिंठ्यात राजपुत्र आहे, तशी त्याच्यामागे चवरी घेऊन उभी असलेली दासीही आहे. राजपुत्रासाठी जी रेषा वापरली, तीच दासीसाठी. तिच्या बोटांवर चित्रकाराने कमी कष्ट घेतलेले नाहीत. समाजात उच्चनीच भेद असेल. भिंतीवरच्या रेषेत तो नाही. पुढे नंदलालांच्या चित्रांत जी समदृष्टी आढळते, तिचे मूळ या लेण्यांत शोधावे लागेल.

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे भरले. तोवर अधिवेशने शहरांत भरत. ते खेड्यात भरण्याची ही पहिलीच वेळ. अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू होते आणि अधिवेशनाच्या जागेला टिळकनगर असे नाव दिले होते. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात नंदलालांनी भारतीय कलेचे प्रदर्शन मांडले होते. ते ध्यानात ठेवून महात्मा गांधींनी टिळकनगरच्या सजावटीसाठी त्यांना बोलाविले. आपण चित्रकार, बांधकामातले आपल्याला काय कळते, असा संकोच नंदलालांनी व्यक्त केला. गांधीजींनी तो मानला नाही.

फैजपुरास नंदलालांनी बाहेरून मौल्यवान असे काही मागविले नाही. परिसरात मिळणारा बांबू, गवत आणि चटया हेच त्यांचे साहित्य. वास्तुविशारद म्हात्रे यांची जोड त्यांना मिळाली आणि गावच्या कारागिरांचे हात कामी आले. नगराच्या कमानी उभ्या राहिल्या. अध्यक्षांच्या मिरवणुकीचा बैलांचा रथही सजला. अधिवेशनास आलेल्या खेडुताला त्या कमानीत स्वतःच्या गोठ्याचा आणि खळ्याचा बांबू दिसला. ज्या वस्तूकडे तो रोज पाहत होता, तिच्यात शोभा आहे हे त्याला कोणी प्रथमच दाखवून दिले होते. सामाजिक प्रश्न हाताळणाऱ्या कलेला हा धडा फार मोलाचा आहे. ज्याच्याविषयी बोलावयाचे, त्याच्याच घरातली वस्तू हाती घेऊन बोलावे.

पुढे, १९३८ च्या फेब्रुवारीत, अधिवेशन गुजरातेतील बारडोलीजवळ हरिपुरा या खेड्यात भरले. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. या वेळी नंदलालांनी आणि कलाभवनातील त्यांच्या विद्यार्थ्यांनी चारशेच्या आसपास चित्रफलक तयार केले. त्यांतील ऐंशीहून अधिक नंदलालांच्या स्वतःच्या हातचे होते. कागद साध्या पुठ्ठ्यावर ताणून बसविलेला, रंग मातीच्या कुळीचे, आणि रेषा जाड, बंगालच्या पटचित्रांची आठवण करून देणारी. येताजाताना दुरूनही ओळखू यावे असे चित्र हवे होते. कारण पाहणारे प्रेक्षक चित्रशाळेतले नव्हते, अधिवेशनास पायी आणि गाडीतून येणारे शेतकरी होते.

या फलकांवर कोण होते? ढोल वाजविणारा, सनई फुंकणारा, कापूस पिंजणारा पिंजारी, शिंपी, सुतार, कुंभार, जोडे शिवणारा कारागीर, नांगर धरणारा शेतकरी, मल्ल, मुलाला कडेवर घेतलेली आई. अधिवेशन स्वराज्याचे, पण प्रत्येक फलक एकेका माणसाच्या कामाचा. ऐक्य असे शब्दाने कोठेच लिहिलेले नव्हते. परंतु एका फलकावरून दुसऱ्याकडे चालत गेलेल्या मनुष्याच्या मनात ते आपोआप जुळत जाई. पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस सूत होऊन विणला जातो आणि शिंप्याकडे पोहोचतो. कुंभाराचे मडके सर्वांच्या घरी असते. त्यातला पिंजारी बहुधा मुसलमान आणि जोडे शिवणारा कारागीर अस्पृश्य मानलेल्या समाजातला. गावाच्या व्यवस्थेत त्याला वेशीबाहेर ठेवले होते. हरिपुऱ्याच्या फलकांत तो शिंप्याच्या आणि सुताराच्या ओळीत, त्याच मापाच्या चौकटीत आला. तेवढ्याने अस्पृश्यता नाहीशी झाली नाही, हे खरे. पण ती नाहीशी झाल्यावर गाव कसे दिसेल, ते मात्र काही दिवस सर्वांना पाहावयास मिळाले.

याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या इच्छेनुसार नंदलालांनी कीर्तिमंदिराच्या भिंती रंगविण्याचे काम हाती घेतले. महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत निवर्तले. काम मात्र टप्प्याटप्प्याने १९४६ पर्यंत चालले. गंगावतरण, मीराबाईचे जीवन आणि महाभारताचे युद्ध यांच्या जोडीला तेथे ‘नटीर पूजा’ हा रवींद्रनाथांच्या नाटकाचा विषय आहे. श्रीमती ही राजवाड्यातील नर्तकी. बुद्धाच्या स्तूपाची पूजा करण्यास राजाने बंदी केली असता ती स्तूपापुढे नाचते. नाचता नाचता अंगावरचे अलंकार एकेक उतरवून ठेवते. आत भिक्षुणीचे वस्त्र असते. त्या पूजेबद्दल तिला प्राण द्यावे लागतात. राजघराण्याच्या कीर्तीसाठी बांधलेल्या वास्तूत, समाजाने हलकी मानलेल्या एका स्त्रीला हा मान मिळाला. बडोदेकरांनी तो प्रसंग एकदा या दृष्टीने अवश्य पाहावा.

इतका प्रवास झाल्यावर राज्यघटनेचे काम आले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने घटना स्वीकारली. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी तिच्या प्रतींवर स्वाक्षऱ्या केल्या. २६ जानेवारीस ती अमलात आली. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली. चित्रे व नक्षी यांचा भार नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांवर होता. सरनाम्याच्या पानाची नक्षी जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिंह यांची. अशोकाच्या सिंहशीर्षाचे रेखाटन दीनानाथ भार्गव या मुलताईच्या तरुणाचे. खरा सिंह कसा बसतो हे पाहण्यासाठी ते कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जात असत. पुढे ते इंदुरास स्थायिक झाले आणि २०१६ मध्ये तेथेच निधन पावले. या प्रतीच्या सुमारे एक हजार छापील प्रती डेहराडून येथे भारतीय सर्वेक्षण खात्याच्या छापखान्यात निघाल्या. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या प्रतींत ही चित्रे नसतात. म्हणून अनेक सुशिक्षितांनाही त्यांची वार्ता नसते.

मूळ घटनेचे भाग बावीस. प्रत्येकाच्या आरंभी एक चित्र. चित्रांचा क्रम इतिहासाचा आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील वृषभापासून तो निघतो. वेदकालीन आश्रम, रामायण, महाभारत, बुद्ध, महावीर, अशोक, नालंदा, नटराज, महाबलीपुरम् असे मुक्काम घेत अकबरापर्यंत येतो. आणि शेवटी हिमालय, वाळवंट व सागर यांवर थांबतो. त्यांतील दोन पानांवर व्यक्तींच्या जोड्या आहेत. एकावर छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग. दुसऱ्यावर टिपू सुलतान आणि राणी लक्ष्मीबाई. दुसरी जोडी विचार करावयास लावणारी आहे. टिपू १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणास पडला. राणी १८५८ मध्ये ग्वाल्हेरीस. टिपूची आणि मराठ्यांची युद्धे झाली होती, हे मराठी माणसाला सांगावयास नको. तरीही दोघांचा शेवट एकाच सत्तेशी लढताना झाला. चित्रकाराने जुने वैर पुसलेले नाही. त्याने फक्त दोघांना एका पानावर आणले आणि पुढचा विचार पाहणाऱ्यावर सोपविला.

ऐतिहासिक क्रमाने जाता जाता अठराव्या भागाच्या आरंभी गांधीजींची नौखालीची यात्रा आली. हा भाग आणीबाणीच्या तरतुदींचा. १९४६ च्या ऑक्टोबरात नौखालीत भीषण दंगे झाले. नोव्हेंबरात गांधीजी तेथे पोहोचले आणि पुढे गावोगाव अनवाणी हिंडले. चित्रात काठी घेतलेले गांधीजी आहेत. खेड्यातील स्त्रिया त्यांचे स्वागत करीत आहेत आणि मुसलमान शेतकरी त्यांना अभिवादन करीत आहेत. खाली कायदा सांगतो की संकटकाळी राज्याने कोणते अधिकार घ्यावेत. वर चित्र सांगते की संकटकाळी एक निःशस्त्र मनुष्य काय करू शकतो. या एका पानावर हरिपुऱ्याचे खेडूत पुन्हा भेटतात. त्याच्या पुढच्याच भागावर सुभाषबाबू आहेत.

मात्र या चित्रमालेतील उणीवही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. तीत राजे आहेत, वीर आहेत, धर्मपुरुष आहेत. नांगर धरणारा आणि जोडे शिवणारा यांना स्वतंत्र पान नाही. अनुसूचित व जनजाती क्षेत्रांच्या दहाव्या भागावर नालंदा आहे, आदिवासी नाही. इतिहासातील जिचे नाव सांगता येते अशी स्त्री एकटी लक्ष्मीबाई. जोतीराव फुले यांच्यासारखा समाजसुधारक कोठेच नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम ज्या तिसऱ्या भागात आहे, त्याच्या आरंभी रामायणातील प्रसंग आहे. इतिहासाच्या क्रमाने चित्रे मांडावयाची ठरविली, की ज्यांना जुन्या इतिहासाने नाव दिले नाही ते बाहेर राहतात. जे चित्रांत आले नाही, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मसुदा समितीने कलमांत आणले. म्हणून वरचे चित्र आणि खालचे अक्षर दोन्ही एकत्र वाचावी लागतात. चित्र कोठून आलो ते दाखविते, अक्षर कोठे जावयाचे ते.

नंदलाल १९६६ मध्ये कालवश झाले. हरिपुऱ्याचे कित्येक फलक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, आणि घटनेची मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत आहे. हे दोन्ही ठेवे मनाने शेजारी ठेवले म्हणजे त्यांचे काम पूर्ण दिसते. एकात राष्ट्राची स्मृती आहे, दुसऱ्यात राष्ट्राचे कष्ट. ऐक्याचे चित्र काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने फेटा आणि पगडी काढण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या चित्रातला हा मनुष्य काय काम करीत आहे? आणि ज्याला आजवर कोणी शेजारी बसविले नाही, त्याला मी कोणाच्या शेजारी बसविणार आहे? उत्तर सापडले, तर नकाशा आणि झेंडा काढला नाही तरी चालेल.