बॉडमिनचे श्वापद : साक्ष, पुरावा आणि शासन

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, बॉडमिन मूर नावाचे एक विस्तीर्ण माळरान आहे. ग्रॅनाइटचे उघडे खडक, अधूनमधून दलदल, खुरटे गवत, दगडी बांधांनी आखलेली कुरणे आणि त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या असे त्याचे एकंदर रूप. १९९० नंतरच्या काही वर्षांत या माळरानावर एक मोठे, काळे, लांब शेपटीचे जनावर हिंडत असल्याच्या वार्ता वरचेवर येऊ लागल्या. शेतकऱ्यांना फाडलेल्या मेंढ्या सापडत होत्या. कोणी छायाचित्रे काढली, कोणी चलच्चित्रण केले. वृत्तपत्रांनी त्या जनावराला 'बॉडमिनचे श्वापद' असे नाव देऊन टाकले. अखेरीस १९९५ साली ब्रिटनच्या कृषी, मत्स्योद्योग व अन्न मंत्रालयाने या प्रकरणाची रीतसर चौकशी हाती घेतली. सुमारे सहा महिने चाललेल्या या चौकशीचा अहवाल त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात प्रसिद्ध झाला.

चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांची रीत साधी आणि नेटकी होती. ज्या खांबावर वा बांधावर श्वापद बसलेले चित्रणात दिसत होते, त्या जागी ते स्वतः गेले आणि तेथे मापनपट्टी उभी करून त्यांनी पुन्हा छायाचित्रे घेतली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवताच श्वापदाची उंची कळून आली. एका प्रसिद्ध छायाचित्रातील जनावर खांद्यापाशी जेमतेम बारा इंच भरले. तेवढे तर घरातले मांजरही असते. मारलेल्या मेंढ्यांच्या अंगावरील जखमांतूनही परदेशी श्वापदाचा हात सिद्ध झाला नाही. मोठ्या मार्जाराच्या अस्तित्वाचा पडताळून पाहता येईल असा पुरावा मिळालेला नाही, असा निष्कर्ष अहवालाने काढला. मात्र असे श्वापद तेथे नाहीच, हेही सिद्ध करता येत नाही, अशी पुस्ती त्याला जोडलेली होती. या प्रकरणाचा सारा इतिहास या दोन विधानांमधल्या फटीत सामावलेला आहे.

अहवालाची शाई वाळते न वाळते तोच त्या भागातील फोवी नदीच्या पात्रात एका चौदा वर्षांच्या मुलाला एक कवटी सापडली. तिचे वरचे सुळे लांब आणि ठसठशीत होते. मंत्रालयाला परस्पर उत्तर मिळाले, असे अनेकांना वाटले. कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये तपासणीसाठी गेली आणि ती खरोखरच एका तरुण नर बिबळ्याची निघाली. परंतु तिच्यावर सुरीच्या खुणा होत्या आणि मागचा भाग कापून काढलेला होता. मुंडक्यासह कमावलेले कातडे गालिचासारखे अंथरण्यासाठी कवटी अशीच कापण्याची पद्धत होती. शिवाय कवटीच्या आत उष्ण कटिबंधातील एका झुरळाच्या अंड्यांचे आवरण चिकटलेले होते, आणि ब्रिटनच्या हवेत ते झुरळ अंडी घालणे शक्य नव्हते. म्हणजे बिबळ्या खरा होता, पण तो मेला होता कोठल्या तरी उष्ण देशात, आणि कॉर्नवॉलला आला होता तो दिवाणखान्याची शोभा म्हणून. साम्राज्याच्या काळात आशिया आणि आफ्रिकेतून अशी असंख्य कातडी ब्रिटिश घरांत गेली. त्यांतले एक मुंडके नदीच्या पात्रात आले आणि काही दिवस साऱ्या देशाच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिले.

या घटनेकडे केवळ विनोद म्हणून पाहणे सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. माळरानावर श्वापद पाहिल्याचे सांगणारी माणसे प्रायः लबाड नव्हती. त्यांत शेतकरी होते, वाटसरू होते, पोलीसही होते. अशा माणसांची साक्ष एका बाजूला आणि शासनाचा नकार दुसऱ्या बाजूला, असा हा पेच आहे. तो समजून घ्यायचा तर काही शतके मागे जावे लागते.

ब्रिटनच्या अरण्यांत एके काळी लिंक्स हे मध्यम आकाराचे, आखूड शेपटीचे मार्जार होते. ते फार पूर्वीच, हवामान पालटल्यामुळे नष्ट झाले असावे, असे पुष्कळ काळ मानले जात होते. परंतु यॉर्कशायरच्या गुहांत मिळालेल्या हाडांचे कालमापन झाले, तेव्हा त्यांतली काही जेमतेम दीड हजार वर्षांपूर्वीची निघाली. मनुष्याने तोडलेली जंगले आणि केलेली शिकार हीच त्याच्या नाशाची कारणे असावीत, हे मत त्यामुळे बळावले. त्यानंतर उरले ते केवळ रानमांजर, आणि तेही हळूहळू स्कॉटलंडच्या डोंगरांत हटत गेले.

या पार्श्वभूमीवर विल्यम कॉबेट या नामांकित लेखकाची एक आठवण ध्यानात घेण्याजोगी आहे. १८३० साली ग्रंथरूपाने आलेल्या 'रूरल राइड्स' या प्रवासवर्णनात त्याने ती नोंदविली आहे. सरे परगण्यातील वेव्हर्ली ॲबीच्या भग्नावशेषांजवळ लहानपणी त्याने मध्यम आकाराच्या स्पॅनियल कुत्र्याएवढे एक मांजर एका पोकळ एल्म वृक्षात शिरताना पाहिले. घरी येऊन त्याने ते सांगितले तेव्हा तो बोलणी खाऊन बसला, आणि तरीही हेका सोडला नाही म्हणून त्याला मारही मिळाला. पुढे सैन्यातील नोकरीत तो कॅनडाच्या न्यू ब्रन्झविक प्रांतात गेला. तेथील करड्या रंगाचे मोठे रानटी मार्जार पाहिल्यावर आपण बालपणी पाहिलेले जनावर हेच, अशी त्याची खात्री पटली. कॉबेटने काय पाहिले ते आता ठरवता येणार नाही. परंतु पुढच्या दोनशे वर्षांत असंख्य साक्षीदारांच्या वाट्याला जे आले, त्याचा नमुना या आठवणीत आधीच दिसतो.

या साक्षींमागे लोककथांचाही एक थर आहे. इंग्लंडच्या अनेक परगण्यांत रात्रीच्या वेळी रस्त्याने जाणाऱ्या अक्राळविक्राळ काळ्या कुत्र्याच्या कथा प्रचलित होत्या. १५७७ च्या ऑगस्टमध्ये सफक परगण्यातील बंगे येथे भर वादळात असा एक कुत्रा चर्चमध्ये शिरल्याचे वर्णन त्या काळच्या एका छापील पुस्तिकेत आहे. कॉनन डॉइलने १९०२ मध्ये ग्रंथरूपाने आलेली आपली बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी रचली, ती याच परंपरेच्या आधारे, आणि तिचे स्थळ बॉडमिनहून फार लांब नसलेले डार्टमूर हेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भुतांवरचा विश्वास ओसरला. माळरानावरची काळी आकृती मात्र ओसरली नाही, तिने कुत्र्याचे रूप टाकून मांजराचे घेतले, असे म्हणण्यास जागा आहे.

तथापि, केवळ लोककथा म्हणूनही हा विषय निकालात काढता येत नाही, कारण ब्रिटनमध्ये जिवंत श्वापदे खरोखरच येत होती. लंडनच्या टॉवरमध्ये तेराव्या शतकापासून राजांचे प्राणिसंग्रह होते. एकोणिसाव्या शतकात फिरती प्राणिसंग्रहालये गावोगाव जात. १८५७ साली चार्ल्स जॅमरॅक या व्यापाऱ्याच्या ताब्यातून एक वाघ सुटून लंडनच्या रस्त्यावर आला होता आणि त्याने एका मुलाला तोंडात धरले होते. सुदैवाने मुलगा वाचला. ब्रिस्टलच्या संग्रहालयात तर एक लिंक्स शंभर वर्षे पडून होता. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी डेव्हन परगण्यात दोन कुत्री मारल्यावर त्याला गोळी घालण्यात आली होती. २०१३ मध्ये संशोधकांनी त्याचे कातडे व सांगाडा तपासला, तेव्हा तो कॅनडातील लिंक्स असल्याचे आणि दातांच्या अवस्थेवरून बराच काळ बंदिवासात राहिलेला असल्याचे दिसून आले. अर्थात, ज्या काळात असे श्वापद मोकळे असल्याची कोणालाही कल्पना नव्हती, त्या काळात ते मोकळे होते.

१९६० नंतर या प्रकरणाला वेग आला. सरे परगण्यातील गोडाल्मिंगच्या पोलीस ठाण्यात प्यूमासदृश जनावर दिसल्याच्या तक्रारींची वेगळी वही ठेवावी लागली. सप्टेंबर १९६४ ते ऑगस्ट १९६६ या काळात तीत ३६२ नोंदी झाल्या. त्याच दशकात लंडनच्या हॅरॉड्स या दुकानात सिंहाचा बछडा विकत मिळत असे. 'ख्रिश्चन' नावाने पुढे प्रसिद्ध झालेला सिंह दोन तरुणांनी १९६९ मध्ये तेथूनच घेतला आणि नंतर तो केनियात पाठविला. हौसेने पाळलेल्या अशा जनावरांवर १९७६ च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्याने परवान्याचे बंधन आणले. परवान्याचा खर्च आणि पिंजऱ्याच्या अटी न पेलवल्याने काही मालकांनी आपली जनावरे रानात सोडून दिली, असे सांगितले जाते. विशेष म्हणजे परदेशी प्राणी मोकळा सोडणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो १९८१ च्या कायद्याने. मधल्या पाच वर्षांत कायद्याने एक दार लावले आणि दुसरे उघडेच ठेवले.

१९८० च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडमधील कॅनिच गावाजवळ एका शेतकऱ्याने लावलेल्या पिंजऱ्यात खरीखुरी प्यूमा मादी सापडली. ती चांगली धष्टपुष्ट आणि माणसाळलेली होती. प्राणिउद्यानात तिने उरलेले आयुष्य काढले आणि १९८५ मध्ये तिच्या मृत्यूनंतर पेंढा भरलेले तिचे शरीर इन्व्हरनेसच्या संग्रहालयात ठेवले गेले. शेतकऱ्याची साक्ष अशा रीतीने खरी ठरली आणि तरीही प्रश्न सुटला नाही, कारण माणसाळलेली मादी फार दिवस रानात नव्हती हे उघड होते. १९८३ मध्ये एक्समूर परिसरातील एका शेतकऱ्याने तीन महिन्यांत शंभराहून अधिक मेंढ्या गमावल्याचे सांगितले, तेव्हा रॉयल मरीन्सचे नेमबाज तेथे दबा धरून बसले. त्यांच्यातल्या काहींना काही दिसले, परंतु गोळी झाडता आली नाही. सैनिक माघारी गेले. मेंढ्यांचा नाश मात्र खरा होता.

डोळ्यांच्या साक्षीला काही स्वाभाविक मर्यादा आहेत. मोकळ्या माळरानावर अंतराचा अंदाज चुकतो आणि अंतर चुकले की आकार चुकतो. शेजारी झाड वा माणूस नसेल तर पन्नास पावलांवरचे मांजर दोनशे पावलांवरचा बिबळ्या होते. दुसरी गोष्ट रंगाची. ब्रिटनमधील कितीतरी साक्षी काळ्या श्वापदाच्या आहेत. बिबळ्यांत काळा रंग आढळतो, पण तो मुख्यतः मलाया द्वीपकल्पासारख्या दाट, ओलसर अरण्यांत. काळा प्यूमा तर निःसंशयपणे कधीच नोंदला गेलेला नाही. सुटलेल्या जनावरांत काळ्यांचे प्रमाण इतके कसे, याचे समाधानकारक उत्तर साक्षीदारांच्या बाजूने मिळालेले नाही.

या संदर्भात महाराष्ट्रातील एक अनुभव उद्बोधक ठरतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसर हा उसाच्या शेतांचा आणि दाट वस्तीचा आहे. बिबळ्या हा जंगलाचा रहिवासी आणि शेतात दिसला तर वाट चुकलेला, अशी समजूत शासकीय व्यवहारात दीर्घकाळ रूढ होती. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे स्वयंचलित कॅमेरे लावले. दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबळे, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शेतकरी जे सांगत होता ते खरे होते. पण याच दाखल्याची दुसरी बाजूही आहे. जेथे श्वापद खरोखर नांदते, तेथे ते छायाचित्रात येते, त्याची विष्ठा मिळते, त्याचे मृत देह रस्त्यावर सापडतात. ब्रिटनमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ लोटूनही असा पुराव्याचा साठा जमलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स भागात कोणी बेकायदा सोडलेले चार लिंक्स काही दिवसांतच पकडले गेले. त्यांतला एक दगावला. श्वापद खरे असले म्हणजे ते किती लवकर हाती लागते, हे त्यातून दिसले.

एवढ्याने वाद मिटला असेही नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील एका मृत मेंढीवरून घेतलेल्या नमुन्यात वाघ, सिंह, बिबळ्या ज्या प्रजातीत मोडतात त्या 'पँथेरा' प्रजातीचा जनुकीय अंश आढळल्याचे २०२४ मध्ये वॉरिक विद्यापीठातील प्राध्यापक रॉबिन अल्लाबी यांच्या तपासणीतून पुढे आले. एखादे सुटलेले श्वापद अधूनमधून असू शकते, या मताला त्याने बळ मिळते. पिढ्यान्पिढ्या वाढणारी वस्ती असल्याचे मात्र त्याने सिद्ध होत नाही.

शासनाची चूक कोणती, याचा विचार येथेच करावा लागतो. बॉडमिनच्या अहवालातील निष्कर्ष अयोग्य नव्हता. 'पुरावा नाही' आणि 'प्राणी नाही' यांतला भेद त्यात कटाक्षाने पाळलेला होता. परंतु कार्यालयातून वृत्तपत्रात आणि तेथून गावच्या गुत्त्यात जाताना तो भेद गळून पडला, आणि ज्याने काही पाहिले होते त्याला आपण खोटे ठरलो असे वाटले. मेंढ्या गमावलेल्या शेतकऱ्याला त्या कोणी मारल्या हे कळायला हवे होते. कुत्र्यांनी मारल्या असतील तर कुत्र्यांचा बंदोबस्त हवा होता. श्वापदाच्या चर्चेत तो साधा प्रश्न मागे पडला. सह्याद्रीत वाघोबाची स्थाने आहेत. तेथे श्वापदाच्या अस्तित्वाला, त्याच्या भीतीला आणि त्याच्या हक्कालाही गावाच्या मांडणीत एक जागा नेमून दिलेली असते. ज्या समाजाने आपली श्वापदे शेकडो वर्षांपूर्वी संपविली आणि परक्या देशांतील श्वापदांची कातडी जमिनीवर अंथरली, त्याच्याजवळ अशी जागा उरलेली नव्हती. म्हणून माळरानावरची सावली एकतर हसण्याचा विषय झाली, नाहीतर बंदुकीचा. लिंक्स पुन्हा ब्रिटनच्या रानांत आणावा की नाही, याची चर्चा तेथे चालू आहे. त्या चर्चेत शेतकऱ्याची साक्ष पुन्हा एकदा ऐकावी लागेल. ती तपासून घ्यावीच लागेल, पण तपासण्याआधी नाकारून चालणार नाही.